जवारी, ज्वारी, जोळ

मिरजेत वाचनालयाच्या माडीवर
दोन खोल्यांचं आमचं संग्रहालय.
पंखा तीनवर गेला की पाट्या उडतात,
म्हणून पाट्यांवर तबल्याची हातोडी.
आता हे सगळं पडद्यावर चढवायचंय:
एकोणसाठ वस्तू, पाच भाषा,
आणि वर उजव्या कोपऱ्यात एक चौकोन,
भाषा निवडा.

वस्तू क्रमांक बारा. तंबोरा.
मी मराठीत लिहिलं,
'घोडी हाडाची. जवारी उघडलेली.'
चार शब्द. निवांत.
यंत्राला दिले, यंत्र क्षणात मोकळं झालं.
इंग्रजीत तंबोऱ्यावर हाडांची एक मादी उभी राहिली,
चार पायांची,
आणि तिच्यापुढं कुणीतरी ज्वारीचं पोतं सोडलेलं.
कानडीत तर नुसतंच जोळ.

शिवलीला बिरादार जतहून येतात, शनिवारी, दुपारच्या गाडीनं,
डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी.
त्यांच्या वर्गातली पोरं पाढे कानडीत म्हणतात
आणि मैदानात आली की मराठीत भांडतात.
पडदा वाचून बाई इतक्या हसल्या
की चष्मा काढून ठेवला.
'काय ओ, तंबोऱ्यात जोळ कुणी पेरलं?
आमच्याकडं तर रानातबी उगवंना.'

मग दस्तगीरचाचांना बोलावलं.
भोपळ्यावर टिचकी मारून त्याचं वय सांगणारी बोटं,
पडद्याला मात्र घाबरून लांबच राहिलेली.
'बेटी, घोडी कू घोडीच रहने दे.
लोगां पूछे, तो बजा के दिखा.'
आणि तारेखालचा दोरा
नखानं सरकवला. केसभर.
मघापासून लाकडासारखा पडणारा सा
कडेकडेनं उजळत गेला,
खिडकीतल्या रिकाम्या पेल्यानंही त्याला ओ दिली.

'ह्या दोऱ्याला आम्ही जीवाळी म्हणतो,' शिवलीलाबाई म्हणाल्या.
मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.
माझ्या पाटीत दोरा नव्हताच.
भाषांतर करायला बसले होते,
आणि चूक सापडली मुळात.

अडकित्त्याला तर त्यांनी हातच लावला नाही.
'ह्याचं काय कानडी करू? आमचंच आहे ते.
अडकी म्हणजे सुपारी, कत्ती म्हणजे सुरी.
उसनं नेलेलं परत देताय, एवढंच.'
इंग्रजी अजून अडलीय. चाळीस शब्दांची मर्यादा,
आणि फोडण्याच्या हत्याराचं नाव घेतलं
की त्यांना अक्रोड आठवतो.

वस्तू क्रमांक चव्वेचाळीस.
निरगुडीच्या फोकांची कणगी, विणणार कोंडाबाई.
कैकाडीत तिला काय म्हणतात ते त्यांनी तीनदा सांगितलं,
मी तीनदा लिहिलं,
तिन्ही वेळा वेगळं.
त्यांनी वहीकडं असं पाहिलं,
जसं मी सैल विणीच्या टोपलीत पीठ भरतेय.
शेवटी फोनच त्यांच्यापुढं धरला.
एक मिनिट वीस सेकंद, मागं कुकरच्या दोन शिट्ट्या,
आणि फोक वाकताना होतो तो आवाज,
ज्याला कुठल्याच भाषेत पाटी नाही.

'मजकूर आवश्यक आहे,' चौकोन लाल झाला.
लिपीच नाही त्यांच्या बोलीला, हे त्याला कसं सांगावं.
मजकुराच्या जागी एक टिंब टाकलं,
टिंबाखाली तो आवाज.
'कोण ऐकणार गं हे?' कोंडाबाई म्हणाल्या,
आणि निघताना दारातून,
'सोलापुरात बहीण आहे माझी. तिला धाडता येतंय का बघ.'

पहिल्या आठवड्यात
त्या टिंबावर दोघांनीच बोट ठेवलं.
एक मी, चालतंय का ते बघायला.
दुसरं सोलापूरचं,
रात्री सव्वाअकराला.
नऊ वेळा.